जाऊबाई आणि तांबीचा दिवस

चारचौघांत बोलू नये असं जगात काही असतं, हेच आमच्या थोरल्या जाऊबाईंना कधी पटलं नाही. त्या सरकारी नर्स. लातूरहून रोज एसटीनं किल्लारीकडं जायच्या, आणि वाटेत ओळखीची बाई चढली की इकडचं तिकडचं काही न बोलता थेट विचारायच्या, "पाळी कधी आली गं?" कंडक्टर तिकिटं द्यायचं सोडून खिडकीबाहेर बघत बसायचा. माझ्या लेकीच्या बारशात त्यांनी मला तांबीबद्दल, म्हणजे कॉपर-टी बसवण्याबद्दल, विचारलं ते सासऱ्यांच्या समोर. मी पाळण्यात तोंड खुपसलं.

तांबी बसवायची ती पाळीत किंवा पाळी ओसरता ओसरता, अशी त्यांना शिकवण होती. तेव्हा बाई गरोदर नसल्याची खात्री असते. पण आपल्याकडं नेमकी तेव्हाच बाई कडेला बसलेली. ती दवाखान्यात जाणार कशी? भूकंपानंतर गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलं आणि जाऊबाईंना यातच सोय दिसली. कडेला बसलेल्या बाईला ना चूल, ना पाणी. "कुणी शिवत न्हाई ना तुला? मग चल माझ्यासंगं," म्हणत त्या तिचा हात धरायच्या. सासू आडवी आली की दोघी तशाच तिच्या अंगावर चालून जायच्या. विटाळ होईल म्हणून सासू आपोआप मागं सरायची.

एकदा मात्र एक सून भलत्याच दिवशी आली. आधीच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचलेली, आणि भूकंपात नातवंडं गेलेल्या सासूला घर पुन्हा भरायची घाई. पाळी होऊन गेल्यापासून नवरा परगावी होता, तो दुसऱ्या दिवशी यायचा होता. जाऊबाईंनी नियम मोडला नाही. "पाळी आली की ये," म्हणाल्या. ती पाळी आलीच नाही.

ते सगळे महिने जाऊबाई एसटीत मुक्यानं बसून गेल्या. बाळंतपण फार अवघड गेलं, पण मायलेकी वाचल्या. पुढं एका प्रशिक्षणात त्यांना समजलं, की बाई गरोदर नाही एवढी खात्री करून घेतली तर तांबी महिन्यात केव्हाही बसवता येते. त्यानंतर पाळीचे दिवस नाहीत म्हणून त्यांनी कुणाला परत धाडलं नाही.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, घरोघरी मुली राहायला आल्या, तेव्हा तीच सून लेकीला घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"तुमीच परत धाडलं व्हतं मला, नर्सबाई," ती हसत म्हणाली. "आता ही तुमच्याकडंच ऱ्हाईल."

जाऊबाई आत आल्या, चहा ठेवला आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. मला म्हणाल्या, "चूक झाली म्हणावं, तर ही पोरगी माझ्याच घरात अभ्यासाला आली. कसं म्हणू गं?"

मी पोरीसाठी चहात आणखी एक कप पाणी वाढवलं. आता जाऊबाई उरल्या नाहीत, आणि त्यांचा तो प्रश्न माझ्याकडं राहिला.