गावाला एकच शेड

दादा गेल्याचं मला शाळेच्या फाटकात कळलं. पोलादपूरला दुपारची एसटी थांबली आणि ओळखीचा कंडक्टर डोक्यावर तिकिटांची पिशवी धरून भर पावसात खाली उतरला. "बाई, तुमच्या भावाच्या घरचा निरोप हाय. लगेच चला, गाडी थांबवतो." माझ्या हातातली पिशवी त्यानं स्वतःच घेतली आणि त्यातच सगळं आलं. आंबेनळी घाटाच्या बाजूला आभाळ असं काही उतरलं होतं की समोरचा डोंगर दिसेना. मी खिडकीशी बसले आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता... याला आता नेणार कुठे? सख्खा भाऊ गेल्यावर बहिणीला आधी हे सुचावं, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण माझ्या भावाला, काशिरामला, ओळखणाऱ्या प्रत्येकाला त्या दुपारी हेच सुचलं असणार.

दादा शिंपी होता. सावित्रीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडाजवळ त्याचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, वकिलांचे कोट, बारशाची झबली, सगळं त्याच्याकडे. माप घेताना गिऱ्हाइकाला तो इतका वेळ ताटकळत ठेवायचा की माणसं वैतागून म्हणत, अरे सदरा शिवतोस की सोयरीक जुळवतोस? स्वभावानं हट्टी, पण त्याच्या हट्टाला आवाज नव्हता. आमचे वडील म्हणत, हा पोरगा भांडत नाही, नुसता उभा राहतो. ते शब्दशः खरं होतं, आणि आमच्या वस्तीत उभं राहण्याचं एक कामही होतं.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीजवळ. आमची स्मशानभूमी त्याच्याही खाली, म्हणजे एक उघडा चौथरा आणि भोवती निवडुंग. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की आषाढ-श्रावणात तिथे चिता पेटवणं म्हणजे काय असतं. म्हणून वस्तीत एक रीत पडली होती. पावसाळ्यात कोणी गेलं की ज्याच्या घरचं माणूस गेलंय ते घर सोडून बाकीची घरं आपापल्या गोठ्याचा, पडवीचा एकेक पत्रा उतरवून देत. बाप्ये ते पत्रे डोक्यावर घेऊन मयताबरोबर जात आणि लाकडं धड पेट घेईपर्यंत चितेवर दोन्ही बाजूंनी छपरासारखे धरून उभे राहत. हाताला ओली गोणपाटं गुंडाळलेली. वरून पाऊस, खालून धूर, पत्रा तापत चाललेला. हात बदलत, खोकत, डोळे पुसत ती माणसं उभी राहत. आमचे वडील गेले तेव्हा दादा असाच उभा होता. घरी आला तेव्हा त्याच्या भुवया जळाल्या होत्या आणि आईनं त्याच्या हातांना खोबरेल लावता लावता पहिल्यांदा टाहो फोडला. वडील गेल्यापासून तोवर ती रडली नव्हती.

दादा पालिकेत निवडून आला ते गावात घरोघर नळ येऊ लागले त्या काळात. नगरसेवक झाला तरी दुकान सुटलं नाही. सभा असली की गळ्यातली टेप तशीच घेऊन जायचा आणि सभागृहात गेल्यावर काढून खिशात घालायचा. गटारं, दिवाबत्ती, पावसाळ्याआधीची नालेसफाई, असल्या विषयांत दोन वर्षं गेली. मग गावच्या मोठ्या स्मशानभूमीवर पक्की शेड बांधायचा विषय आला. सिमेंटचे खांब, वर पत्र्याचं उंच छप्पर, बसायला ओटे. नगराध्यक्ष जुन्या वळणाचे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सभेआधीच दादाला बोलावून सांगितलं की याच कामाबरोबर तुमच्या वस्तीच्या जागेवरही एक शेड घालू, थोडी लहान, पण याच वर्षी. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. दादाही पुढे कधी त्यांच्याविषयी वावगं बोलला नाही.

ही बातमी वस्तीत दादाच्या आधी पोचली. बायकांनी त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून कोणाकोणाच्या मयताला किती हाल झाले ते आठवून आठवून काढलं. आणि दुसऱ्या दिवशी सभेत दादानं ती दुसरी शेड नाकारली. त्याचं म्हणणं असं की शेड एकच बांधा, हवी तर मोठी बांधा, आणि ती गावातल्या सगळ्यांची आहे असं ठरावातच लिहा. तो मला पुढे कित्येकदा तेच सांगायचा. "शकू, आपल्या आज्यानं सत्याग्रहात या गावच्या तळ्यावर ओंजळ धरली. दुसरं तळं खणून द्या म्हणून अर्ज नव्हता केला. मी दुसरी शेड घेऊन आलो तर त्याला तोंड काय दाखवू?" बुद्धीला ते पटायचं. आजही पटतं. पण बुद्धीला पटलं म्हणून मन मानतंच असं नाही.

ठराव एकमतानं मंजूर झाला. हेच दादाला अपेक्षित नव्हतं. तो वाद घालायची तयारी करून गेला होता आणि समोरून सगळे हात एका झटक्यात वर गेले. पुढचा विषय घोड्यांच्या टांग्यांच्या थांब्याचा होता, तोही तितक्याच लवकर संपला म्हणे. तो पेढे घेऊन पोलादपूरला आमच्याकडे आला. पेढा तोंडात टाकत माझे यजमान म्हणाले, इतकं सोपं कसं झालं हो? दादा हसला, पण पेढ्याचा पुडा बराच वेळ हातातच धरून बसला...

शेड बांधून झाली ती मुंबईतल्या गिरण्यांच्या संपाच्या सुमारास. संपात घरी परतलेल्यांत बाळाराम होता, आमच्या शेजारच्या विठाबाईंचा मुलगा. त्या पावसाळ्यात विठाबाई गेल्या. दादा लगोलग त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, आईला शेडमध्ये नेऊ, मी पुढे चालतो. अंगणात माणसं जमली होती. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. निम्मी वस्ती ज्यांच्या भातगिरणीत, वखारीत, घरी राबायची, त्यांच्याच आळीतून ती वाट जात होती. म्हाताऱ्यांना वेगळंच वाटत होतं, आपली माणसं जिथे गेली तिथेच आपण जावं. शेवटी बाळाराम उठला. आवाज चढवला नाही, पण मला तो अजून ऐकू येतो.

"काशिरामभाऊ, माझी आय म्हंजे तुमचा ठराव नाय. उद्या लफडा झाला तर तिच्या मढ्यावर होनार. मला तिला गपचूप न्यायची हाय."

दादा घरी आला, आमच्या न्हाणीवरचा पत्रा स्वतः उतरवला आणि डोक्यावर घेऊन सगळ्यांबरोबर खालच्या चौथऱ्यावर गेला.

त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात हेच झालं. गावात कोरडी, उंच, सगळ्यांची शेड उभी, आणि आमची माणसं खाली पत्रे धरून उभी. मग वस्तीनं बैठक घेतली. दादाला चांगलंच फैलावर घेतलं. कोणी म्हणालं, तुला मोठं व्हायचं होतं, भिजायचं आमी. त्या बैठकीनंतर दादा पालिकेत गेला आणि त्यानं जी शेड नाकारली होती तीच मागितली. त्याच्या हट्टाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल की हे त्याच्यासाठी काय असेल. नगराध्यक्ष अवघडले. पण बाकीचे म्हणाले, ठराव तुमचाच आहे ना काशिराम, शेड सगळ्यांची आहे, तुम्हाला कोणी अडवलंय का? खरंच कोणी अडवलं नव्हतं. दादा खाली बसला. पुढच्या निवडणुकीत वस्तीनं त्याला पाडलं.

मी त्याला तोंडावर सांगितलं होतं की तू आधी छप्पर घ्यायला हवं होतंस, तत्त्व मागाहून बघता आलं असतं. तो माझ्या पोरीच्या फ्रॉकला काजं करत होता. मान वर न करता म्हणाला, "असेल. चुकलो असेन." मग दोरा तोडून, "पण दुसरी शेड मागायला उभा राहिलो ना, तेव्हा मान वर होईना गो. पहिल्या वेळी ताठ होती." त्या दिवसापासून मी तो विषय त्याच्याशी काढला नाही. स्वतःला कुठे न्यायचं हे त्यानं मला सांगितलं नाही, वहिनीला नाही, कोणालाच नाही. मापं घेण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसानं एवढी एक गोष्ट अशी मोकळी सोडून जावी याचा मला आजही राग येतो.

मी पोचले तेव्हा अंगणात रीतीप्रमाणे पत्रे जमा झाले होते. ज्यांनी त्याला निवडणुकीत पाडलं त्यांच्याही गोठ्याचे होते. बाळाराम सगळ्यांना गोणपाटं वाटत होता. वहिनी बाहेर आली. जन्मभर नवऱ्याच्या राजकारणावर एक शब्द न बोललेली बाई. तिनं पत्र्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ते ठेवा खाली. यांना शेडीत नेयाचंय."

बाळाराम पुढे आला. "वैनी, कोन आडवा आला तर?"

"तर मी हाय ना बरोबर," वहिनी म्हणाली. "ठराव करनाराच नाय गेला तर दुसरा कोन जाईल, सांग."

बायकांनी मयताबरोबर शेवटपर्यंत जायची आमच्याकडे रीत नव्हती. पण वहिनी निघाली म्हणून मी निघाले, मी निघाले म्हणून आणखी दोघीतिघी. भरबाजारातून, वरच्या आळीतून गेलो. दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. काहींनी फळ्या अर्ध्या लावल्या, त्या दादासाठी की पावसाची झड आत येत होती म्हणून, ते मला सांगता येणार नाही. शेडशी पालिकेचा माणूस होता, त्यानं लाकडं कुठे रचायची ते दाखवलं. थकलेले माजी नगराध्यक्ष छत्री घेऊन आले आणि हात जोडून एका खांबाशी उभे राहिले. त्रिशरण झालं. चिता पहिल्या काडीला पेटली. पावसाचा एक थेंब दादाच्या अंगावर पडला नाही.

कोणी अडवलं नाही. मी सगळ्या वाटेवर मूठ आवळून चालले होते आणि कोणीच अडवलं नाही. माझ्या बाजूला बाळाराम मोकळे हात लोंबकळत सोडून उभा होता, ते हात कुठे ठेवायचे हेच त्याला कळत नव्हतं. तो छपराकडे बघत होता. "एवढाच होता? नुसता चालत यायचा?" तो म्हणाला. मला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. मला त्या क्षणी रडू फुटलं. इतकी वर्षं विठाबाई, धोंडूमामा, तुडीलची आत्या, सगळे धुरात गुदमरत गेले, आणि वाट ही अशी रिकामी होती... की दादा पुढे होता म्हणून रिकामी झाली? मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे लिहितेय कारण गेल्या रविवारी मी पुन्हा गावी होते. वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ सकाळी गेले. वहिनीनं निरोप पाठवला, शेडमध्ये न्या, आता कोणी अडवत नाही हे बघितलंय ना. त्यांच्या मुलांनी विचार केला, आपापसात बोलले, आणि खाली चौथऱ्यावरच न्यायचं ठरवलं. काशिरामभाऊंची गोष्ट वेगळी होती, ते नगरसेवक होते, असं म्हणाले. मी संतापले. वहिनीला म्हटलं, दादानं कोणासाठी केलं हे सगळं? पाऊस मरणाचा लागला होता. ती न्हाणीच्या मागे गेली. थोड्या वेळानं पत्रा ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर न्हाणीवर आभाळ दिसत होतं आणि वहिनी दादाच्या शिवणकामाच्या पेटीतले जाड कापडाचे तुकडे आपल्या दोन्ही पंजांना गुंडाळत होती.

"वहिनी, त्यांनी तुझं ऐकलं नाही," मी म्हटलं. "तरी जाणार तू?"

"नाय ऐकला तर नाय," ती म्हणाली. "मानूस भिजाय नको गो, वन्स. दुसरीकडून धर."

मी पत्र्याचं दुसरं टोक उचललं.