बर्फावरची फुगडी

लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत फिगर स्केटिंगमधलं खरोखर कळणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या विहीणबाई. पायात पात्यांचे बूट घालून बर्फावर नाचणाऱ्या त्या परदेशी मुलामुलींपैकी कोणाचा हात कुठे चुकला, कोणाची गिरकी कुठे लटपटली, हे त्या मेथी निवडता निवडता, मान वर न करता सांगतात. स्वतः त्यांनी बर्फ पाहिलाय तो फक्त फ्रीजमधला. एवढं ज्ञान त्यांना झालं ते माझ्यामुळे, आणि त्यासाठी मी फार काही केलं असंही नाही. मी फक्त त्यांचा पाय मोडला.

माझ्या मुलीची पहिली मंगळागौर होती, त्यांच्याच घरी, लोणावळ्याला. मी तेव्हा सत्तेचाळिशीची, अंगावर नवी कोरी नऊवारी आणि डोक्यात एकच गोष्ट, की मुलीच्या सासरच्यांवर छाप पडली पाहिजे. छाप कसली पाडायची होती मला, देव जाणे. झिम्मा झाला, पिंगा झाला आणि कोणीतरी म्हणालं, आता विहिणी-विहिणींची फुगडी होऊ दे. आम्ही दोघी उठलो. विहीणबाईंची फुगडी म्हणजे काय सांगू, पाय जुळलेले, हात ताठ, जागा इंचभर हलायची नाही. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, वेग वाढला, आणि ऐन भरात मला दिसला व्हिडिओवाला. त्याचा तो पांढरा दिवा बरोबर माझ्या तोंडावर. मला वाटलं, आपली नथ तिरकी झालीये. मी एक हात सोडला, नथ सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

फुगडीत एक हात सोडला की दुसरा आपोआप सुटतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विहीणबाई थेट कोपऱ्यातल्या पाटांच्या चळतीवर गेल्या आणि घोटा मोडून बसल्या. त्या कॅसेटमध्ये अजून दिसतं: मागे विहीणबाई आडव्या होताहेत, बायका धावताहेत, आणि पुढे मी, नथ सरळ, दात बाहेर. पडद्यावरच्या त्या बाईला मी आजही ओळख दाखवत नाही.

पुढचे दीड महिने त्या पाय प्लास्टरमध्ये घालून बाहेरच्या खोलीत पडून होत्या. श्रावण-भाद्रपदातलं लोणावळं, घरात ओल, दोऱ्यांवर न वाळणारे कपडे, आणि समोर टीव्ही. कुठल्याशा खेळांच्या चॅनेलवर दुपारच्या वेळी जुन्या स्पर्धा पुन्हा पुन्हा दाखवत. आधी त्यांनी ते नाइलाजानं पाहिलं, मग सवयीनं, मग वेळ बघून. स्वयंपाकाला बेडशाहून एक मावशी यायच्या, त्याही पोळपाट घेऊन समोर बसायला लागल्या. एक मुलगी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरताना पाहून मावशी म्हणाल्या, "आवं, ही तर बर्फावरची फुगडी हाय. पर हिला दुसरं कुनी न्हाई व्हय धरायला?" तेव्हापासून त्या घरात या खेळाचं नाव बर्फावरची फुगडी पडलं ते पडलंच.

मी तळेगावहून दर दोन-चार दिवसांनी लोकलनं जायची. कधी बेसनाचे लाडू, कधी डिंकाचे, एकदा तर इरकली साडीच नेली. माफी मागायला तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, असू दे हो विहीणबाई. हे "असू दे" असं काही म्हणायच्या की त्यात राग आहे का नाही, हे कोणत्याही बाजूनं उलटून पाहिलं तरी दिसू नये. मग मी गप्प त्यांच्याशेजारी बसून टीव्ही बघायची. तिथेच माझं शिक्षण झालं, आणि मी कशी मठ्ठ विद्यार्थिनी होते ते काही विचारू नका. त्या मुलींच्या अंगावर कातडीच्या रंगाचं तलम कापड असतं हे मला कळलं नव्हतं. एकीच्या कोपराशी त्याच्या चुण्या पडलेल्या पाहून मी हळहळले, की काय हो, पोरगी विशीची नाही आणि किती या सुरकुत्या. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन नाच मी खाली बघून काढले. त्या कापडाचा त्यांना भारी तिटकारा. अंग दाखवायचं तर दाखवा, झाकायचं तर झाका, हे दाखवल्यासारखं झाकणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पिसं लावलेले पोशाख तर त्यांना बघवत नाहीत. पीस गळून बर्फावर पडतं आणि पुढच्याच्या पात्याखाली येतं, म्हणजे आपल्या शोभेपायी दुसऱ्याचा पाय मोडायचा. हे वाक्य त्या सहज बोलल्या. मी त्या दिवशी एक लाडू जास्तच आग्रह करून वाढला.

हातांवर त्यांचा फार राग. गाण्याशी संबंध नसताना नुसते हात हलवणारा कोणी दिसला की त्या विचारतात, हा ताटावरच्या माश्या हाकलतोय का. उडीआधी लांबलचक तयारी करणारे तर त्यांच्या मनातून कायमचे उतरतात. अर्धं मैदान उलटं जायचं, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा करायचा, हात-पाय सगळे थांबवायचे आणि मग उडायचं. त्या म्हणतात, ही आता उडणार हे मला स्वयंपाकघरात बसून कळतं, मग त्यात मजा ती काय राहिली? हाच नियम त्यांनी पुढे माणसांना लावला. मला घरी जायचं असलं की मी तासभर आधीपासून "निघते आता" म्हणायला लागते, पदर सावरते, पिशवी उचलते, परत ठेवते. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, विहीणबाई, एवढ्या तयारीनंतर निदान तीन फेऱ्यांची उडी तरी मारा. आमच्या जावयांनी नोकरी सोडायचा विषय काढायला आठवडाभर घसा खाकरला, तेव्हाही आईनं लेकाला आधीच सांगून टाकलं, की सोड एकदाची, मी कधीची बघतेय.

गाणं चालू असताना बोलणारे समालोचक त्यांना सहन होत नाहीत. मैफलीत कोणी सुपारी कातरत बसावं तसं वाटतं म्हणतात. बरं, आवाज बंद करावा तर गाणंही जातं, म्हणून त्या समालोचकांना मराठीत गप्प बसवतात, "अहो, आम्हाला डोळे आहेत." मी शिंकले तरी कपाळाला आठी. गाणं संपल्यावर दोन ठोके उशिरा थांबणारा, किंवा गाण्याच्या आधीच थांबून दम खाणारा, दोघेही त्यांना सारखेच. आणि गिरकी घेताना जागा सोडली की संपलंच. एका बिंदूवर सुरू करायची आणि चार हात लांब जाऊन संपवायची, ही गिरकी की वाट चुकणं? त्यांच्या ओट्यावरचा जुना मिक्सर चालू केला की थरथरत कडेला सरकायचा. त्या बटण बंद करायच्या आणि म्हणायच्या, "जागा सोडली यानं." चटणी जाडसर राहिली तरी चालेल, पण मिक्सर पुन्हा लावायच्या नाहीत. पुन्हा हा प्रकारच त्यांना मंजूर नाही. लोक टाळ्या वाजवून स्केटिंग करणाऱ्याला परत बोलावतात, तो तेच परत करून दाखवतो, त्या वेळी त्या उठून आत जातात. जे झालं ते झालं, म्हणतात, दुसऱ्यांदा केलेलं सगळं खोटं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की पडणाऱ्यांना त्या फाडून खात असतील. तर नाही. पडण्याबद्दल त्यांनी कधी कोणाला एक शब्द लावला नाही. पडला तर पडला, उठून परत गाण्यात शिरला का ते बघा, एवढंच. त्यांना चीड येते ती जोडीनं नाचणाऱ्यांची, आणि तीही सगळ्यांची नाही. एखादा पुरुष जोडीदारणीला हवेत फेकतो, ती बिचारी जिवाच्या करारावर खाली उतरते, आणि तो तिच्याकडे न बघता प्रेक्षकांकडे बघून दात काढतो. असा कोणी दिसला की विहीणबाई उठतात. टीव्ही बंद करतात आणि चहाचं आधण ठेवायला जातात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मागून ओरडले, अहो, गुण तरी बघू द्या. पाचव्या-सहाव्यांदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी गुपचूप कपबश्या विसळायला घेतल्या.

कारण त्या मंगळागौरीनंतर विहीणबाईंनी कोणाशी फुगडी घातली नव्हती. श्रावणात कोणाकडेही गेल्या तरी खुर्चीवर बसायच्या. सगळ्यांना वाटायचं, पाय बिचारीचा. मी मान डोलवायची. पण पाय उत्तम होता. बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या त्या दर थंडीत माझ्याआधी चढायच्या आणि मी धापा टाकत वर पोचले की म्हणायच्या, शेवटी वेग पडला हो तुमचा. पाय नव्हताच अडत, माझ्या हातांवरचा भरवसा अडत होता, आणि हे आम्हा दोघींखेरीज कोणाला माहीत नव्हतं. बाकी आमचं सगळं छान होतं. एकत्र दिवाळ्या झाल्या, बाळंतपण झालं, त्यांचे यजमान गेले तेव्हा मी महिनाभर तिथेच राहिले, माझे गेले तेव्हा त्या माझ्याकडे राहिल्या. फुगडीचा विषय तेवढा पाटांच्या चळतीवर राहिला. मला मात्र वाटायचं, दोघींचे गुडघे शाबूत आहेत तोवर एकदा तरी ती परत मिळावी.

यंदा आमच्या नातीची पहिली मंगळागौर झाली. लोणावळ्यातच एक हॉल घेतला होता आणि खेळायला बाहेरून बायकांचा ग्रुप बोलावला होता. एका रंगाच्या नऊवाऱ्या, कानाला माइक, गाणी स्पीकरवर. विहीणबाई पुढच्या रांगेत, मी शेजारी, नातीच्या हट्टापायी दोघींच्याही नाकात पुन्हा नथ, आणि माझ्या कानात समालोचन. गाण्यावर बोलायचं नाही हा नियम दुसऱ्यांसाठी असावा. पुढची ती सारखी परीक्षकांकडे बघितल्यासारखं का हसतेय, इथे परीक्षक कुठे आहेत. त्या तिघींचं सूप एका ठोक्यावर उचललं जात नाही. आणि एका जोडीची फुगडी फिरत फिरत जेवणाच्या टेबलांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

मग ग्रुप चहाला बसला आणि नात आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "दोघी आज्या, उठा. तुमची फुगडी." विहीणबाईंनी नेहमीसारखा पायाला हात लावला. नात ऐकेना. बायकांनी कोंडाळं केलं आणि बघते तर काय, जिकडे तिकडे मोबाइल. त्या वेळी एक कॅमेरा होता, आता तीसचाळीस. विहीणबाईंनी एकेका मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. बेडशाच्या मावशीही आल्या होत्या, आता पार वाकलेल्या. त्या मागून म्हणाल्या, "वैनी, बसून ऱ्हायलं तर पाय बी इसरतो."

मला चष्म्याशिवाय हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नाही. सगळं खंडाळ्याच्या घाटातलं धुकं. मी चष्मा काढला आणि नातीच्या हातात दिला. मोबाइल गेले, बायका गेल्या, हॉल गेला. मी हातांची अढी घालून पुढे केली आणि म्हटलं, "विहीणबाई, मला आता तुम्ही सोडून कोणी दिसत नाही."

खरं तर त्यांचा चेहराही मला धूसरच दिसत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या हातात दोन हात आले. बारीक, सुरकुतलेले, आणि या वेळी सुरकुत्या खऱ्याच होत्या. आम्ही पाय जुळवले. फुगडी म्हणण्यासारखं ते फार नव्हतं, दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून हळूहळू वळत होत्या, एवढंच. पण त्यांचे हात ताठ होते, आणि त्यांच्या नथीतला मोती माझ्या डोळ्यांसमोर फिरत नव्हता, एका जागी होता, फिरत होतं ते बाकीचं सगळं. माझी नथ कुठल्या बाजूला गेली होती कोणास ठाऊक. नातीनं नंतर व्हिडिओ दाखवले, त्यातल्या एकातही माझा चेहरा धड आलेला नाही.

मग थांबलो. आम्ही शेजारी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. माझा हात अजून त्यांच्या हातात होता, तो कोणी सोडायचा हे ठरत नव्हतं. नात चष्मा घेऊन आली, मी तो घ्यायला दुसरा हात पुढे केला, आणि विहीणबाई दम खात, समोर बघत म्हणाल्या, "जागा तर सोडलीतच, कोपरंही वाकवलीत. चष्मा राहू दे तिच्याकडेच, विहीणबाई. धाप ओसरली की पुन्हा घालू फुगडी."