पट्टीवरचा सातवा हुकूम

भूत, करणी, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला बसलं की मी उठून चहा टाकायला जातो. बायको म्हणते, हा भितो. भीत नाही हो... कंटाळा येतो. मी फिजिक्सचा बी. एस्सी., सगळी नोकरी यंत्रांत गेली, आणि यंत्राला तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच ते करतं यावर माझा अजूनही विश्वास आहे. त्यामुळे खाली लिहितोय ते माझं मलाच पटत नाही. आणि या गोष्टीत मी चांगला माणूस नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्यात युनिक्सच्या सर्व्हरवर काम करतो. मशीन सुरू झालं की आधी काय चालू करायचं, मग काय, कुठे कुणासाठी थांबायचं, या सगळ्याची यादी असते – स्टार्टअप स्क्रिप्ट. ती सांभाळणं हे त्याचं काम. गेल्या दिवाळीत आमच्या जुळे सोलापूरच्या घरी लॅपटॉप उघडून बसला होता. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, ही ओळ कुणा जुन्या माणसानं टाकलीय. नुसतं थांबते, काहीच करत नाही. उडवू का?" राहू दे म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही.

आमच्या वेळी ही यादी कागदाच्या पट्टीवर असायची. साल १९७७. सोलापुरातल्या एका कापड गिरणीनं मुंबईहून जुना, वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. कपाटाएवढी तीन धुडं, एक टेलिप्रिंटर आणि माहिती साठवायला गरगर फिरणारा एक ड्रम. रोज सकाळी पावणेआठला बटणं दाबायची आणि इंचभर रुंदीची पिवळी, तेलकट पट्टी वाचनयंत्रात सरकवायची. पट्टीवर भोकांच्या आडव्या ओळी, त्यातून एकेक हुकूम. मेमरी तपास, टेलिप्रिंटर जागा कर, ड्रम फिरव... मशीन पट्टी वाचत जाई आणि एकेक अवयव उठवत जाई. आठ वाजता गिरणीतल्या कुठल्या खात्याला कुठलं सूत द्यायचं त्याची यादी छापून बाहेर यायची. ती आली नाही तर मागावर बसलेली माणसं हात बांधून बसत.

ही पट्टी बनवायचा आणि सांभाळायचा अंबय्या. सोलापूरच्या पूर्वभागातला पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी. आधी तो चादरीच्या मागांसाठी जकार्डचे पत्ते कापायचा. चादरीवर मोर उठवायचा तर पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडावी लागतात, तेच काम. भोकं पाडणारा माणूस म्हणून गिरणीनं त्याला कॉम्प्युटरवर बसवला, आणि गंमत म्हणजे तो आमच्या सगळ्यांपेक्षा लवकर शिकला. पत्ते कापायचाच एक जुना पंच कानशीनं घासून त्यानं पट्टीच्या मापाचा केला होता. त्याचं भोक केसभर डावीकडे तिरकं पडायचं. जगात तसा पंच दुसरा नव्हता.

मी बार्शीचा. नवी पेठेच्या मागं खोली घेऊन राहायचो, वय तेवीस, टाय लावायचो. अंबय्याच्या हाताखाली शिकायला मला ठेवलं होतं – मी, पदवीधर, चौथी पास माणसाच्या हाताखाली! तो मात्र मला पहिल्या दिवसापासून मानेसाहेब म्हणायचा आणि डब्यातली चटणी पुढे करायचा. मी ती खायचो.

त्याच्या पट्टीवर सातवा हुकूम होता – थांब. ड्रम फिरायला लागला की मशीन तिथं थांबायचं, टेलिप्रिंटरची घंटी एकदा टिंग व्हायची. अंबय्या ड्रमच्या पत्र्याला कान लावायचा, आवाज मनासारखा झाला की बटण दाबून पुढे जाऊ द्यायचा. मशीनबरोबर मुंबईहून आलेल्या पुस्तकात हा हुकूम नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पत्त्याच्या माळंत एक पत्ता कोरा ठेवतेत की. तितं माग थांबतंय, विणणारा धागं बगतोय. मशीन झालं म्हनून काय, दम नको खायाला?" मी बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर त्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले.

एकदा त्यानं मला विश्वासानं सांगितलं की त्याला आता नीट दिसत नाही. बरेच दिवस पट्टी तो बोटांनीच वाचत होता. कुणाला सांगू नका म्हणाला. साहेब लोकांना कळलं तर कामावरून काढतील, आणि घरी बायको लक्षम्मा विड्या वळते, तेवढ्यावर भागत नाही. मी मान डोलावली. दिसलं नसणार त्याला.

पुढे कळलं की दोघांपैकी एकालाच कायम करणार आहेत. ज्येष्ठ तो, म्हणजे उघडच होतं.

मुंबईचे पाहुणे मशीन बघायला येणार होते त्या सकाळी मी साडेसातलाच गेलो. या पट्टीची एक गंमत आहे – पाडलेलं भोक बुजवता येत नाही, पण एखाद्या ओळीत सगळीच्या सगळी भोकं पाडली की मशीन ती ओळ रद्द समजून सोडून देतं. अंबय्याच्या खणातून त्याचाच पंच काढला आणि सातवा हुकूम रद्द केला. दोन मिनिटांचं काम. पंच पुसून परत खणात ठेवला.

पाहुणे आले. पट्टी सुरू झाली. घंटी वाजलीच नाही. अंबय्यानं चमकून मान वर केली, तोवर मशीन पुढे गेलं होतं. ड्रमला पुरता वेग आला नव्हता, त्यामुळे टेलिप्रिंटरवर यादीच्या जागी नुसता कचरा छापून यायला लागला, थांबता थांबेना. मॅनेजर साहेबांचं तोंड काळंठिक्कर. अंबय्यानं पट्टी ओढून काढली, बोटं फिरवली आणि सातव्या हुकमावर त्याचं बोट अडलं. पुन्हा मागं नेलं, पुन्हा फिरवलं.

"साहेब," तो म्हणाला, "ही भोकं माज्याच पंचची हायत."

खरं बोलला बिचारा. मॅनेजर म्हणाले, बघा, स्वतःच कबूल करतोय. मग मी हळूच साहेबांच्या कानाला लागलो – याला दिसत नाही हो. साहेबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र त्याच्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं. त्यानं ते नाकाशी नेलं, लांब धरलं. पेपर उलटा होता. आधी पाहुणे हसले, मग साहेब, मग मी. माझा हसण्याचा आवाज त्याला ओळखू आला असणार.

त्यानं आपलं सामान पिशवीत भरलं, पंचही भरला. तो भरताना मी स्वतः पाहिला, हे लक्षात ठेवा. जाताना माझ्याकडे वळला, म्हणजे मी जिथं आहे असं त्याला वाटलं तिकडे – तिथं कपाट होतं. कपाटाला म्हणाला, "मानेसाहेब, थांबायची जागा परत घाला तेवढी. पट्टी संबाळा." मी हो म्हणालो. मग त्यानं तोंड बरोबर माझ्याकडे केलं आणि मान हलवली.

दोन महिन्यांनी स्टेशनजवळ रूळ ओलांडताना तो गाडीखाली गेला. सकाळची, लख्ख उन्हाची वेळ. लोक ओरडत होते, थांबा, थांबा. तो थांबला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षम्मा गिरणीच्या गेटवर आली. हातात त्याचा चेपलेला डबा. ती पहारेकऱ्याशी भांडत होती – माणूस ड्युटीवर येताना गेला, आणि गिरणीतून साधं विचारायला कुणी येऊ नये? पहारेकरी म्हणाला, बाई, कसली ड्युटी, त्याला काढून दोन महिने झाले की. मी दहा पावलांवर उभा होतो. तिचा चेहरा मी पाहिला. रोज सकाळी डबा घेऊन निघणारा नवरा दोन महिने कुठं बसत होता, याचा हिशेब ती लावत होती... मी आत निघून गेलो.

आता अनुभव. तोवर मी मुंबईच्या पुस्तकाबरहुकूम, थांबा नसलेली पट्टी चालवत होतो, आणि ड्रम कधी साथ द्यायचा, कधी नाही. गेटवरच्या त्या प्रसंगानंतर मला झोप लागेना. म्हटलं, निदान दिलेला शब्द तरी पाळू. सोमवारी नवी पट्टी टेलिप्रिंटरवर पाडली – त्यालाही भोकं पाडायची सोय होती – सातव्या जागी त्याचा थांबा घातला, डोळ्यांनी तपासली, बोटांनीही तपासली. आणि वाचनयंत्रात घातली.

घंटी वाजली नाही.

पट्टी काढून पाहिली. सातवा हुकूम रद्द. सगळी भोकं पाडलेली. टेलिप्रिंटरची भोकं कशी सरळ, एका रांगेत येतात – या ओळीतली काही तशी होती, बाकीची केसभर डावीकडे तिरकी.

मी खुर्चीत बसलो. मग उठून दुसरी पट्टी पाडली. टेलिप्रिंटरपासून वाचनयंत्र तीन पावलांवर होतं. ती तीन पावलं मी पट्टी दोन्ही हातांत धरून, तिच्यावरची नजर न काढता चाललो. यंत्रात घातली, घंटी नाही, काढली तर तेच. तिसरी, चौथी. साडेआठ वाजले, खाली माग थांबलेले, जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, शिव्या देत जिन्यातून वर आलेला. वाचनयंत्रातला पट्टी ओढणारा रूळ घासलाय म्हणून बदलला, दाते तपासले, शेवटी यंत्र सबंध खोललं. काही नाही. थांबा न घातलेली पट्टी मात्र सुरळीत वाचली जायची. फक्त थांबा घातला की तो रद्द होऊन यायचा. आणि त्या आठवड्यापासून ड्रमनं थांबल्याशिवाय एकदाही नीट यादी दिली नाही.

शेवटी साहेबांनी मुंबईहून इंजिनियरकडून थांब्यासकट पट्टी करून मागवली. लाखेचं सील लावलेल्या डब्यात आली. साहेबांनी माझ्यादेखत डबा फोडला, मला हात लावू न देता पट्टी स्वतः यंत्रात घातली. घंटी नाही. काढून उजेडात धरली आणि मला विचारलं, ही तिरकी भोकं कुठल्या पंचची?

माझ्या तोंडून खरं गेलं. "अंबय्याच्या."

साहेबांनी पट्टी टेबलावर आपटली. म्हणाले, मेलेल्या माणसावर घालतोस? लाज वाटत नाही? डबा तुझ्याच कपाटात दोन दिवस होता. मी शपथा घेतल्या. खिडकीत उभे असलेले दोन कारकून हसले. संध्याकाळच्या आत मला काढलं. त्यानंतर नवा माणूस आला, त्यानं थांबा घातलेली पट्टी पहिल्याच दिवशी विनातक्रार चालली म्हणे. घंटी व्यवस्थित वाजली.

बार्शीला जायच्या आधी मी पूर्वभागात लक्षम्माचं घर शोधत गेलो. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं ठरवून गेलो होतो. ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. नाव सांगितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, मला पाट दिला. तिला गिरणीतलं माझं तेवढं एकच नाव माहीत होतं. "तुमचं लई नाव घेत हुते," ती म्हणाली. "मानेसाहेबाचा हात चांगला हाय म्हनायचे. माज्यामागं तेच पट्टी संबाळतेल म्हनायचे."

मग आत जाऊन ट्रंक उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला पंच माझ्यापुढे ठेवला. आमच्या घरात याचा काय उपयोग, तुम्हीच न्या म्हणाली. गिरणीतून परत आले त्या दिवशी त्यांनी ट्रंकेत टाकला, तेव्हापासून फडकं सोडलं नाही कुणी. आणि खरंच, पंच गंजून गच्च झाला होता. दांडा दोन्ही हातांनी दाबला तरी हलेना. पाडलेल्या कागदाच्या टिकल्या साठायला त्याच्या पोटाशी एक डबी असते. ती मी सहज फिरवली. ती मात्र उघडली.

पिवळ्या, तेलकट टिकल्या माझ्या ओंजळीत पडल्या. ताज्या. बोटांना तेल लागलं. एका हुकमाच्या नव्हे – पडतच राहिल्या, माझ्या मांडीवर, पाटावर, तिच्या तंबाखूत. त्या सोमवारपासून मी पाडलेल्या जेवढ्या पट्ट्या वाया गेल्या, तेवढ्या सगळ्यांच्या असाव्यात.

लक्षम्मा वाकून एकेक टिकली वेचून माझ्या हातात देऊ लागली. त्या काय आहेत हे तिला ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याच्या कामातलं काहीतरी म्हणून ती एकही सांडू देत नव्हती. वेचता वेचता तिनं विचारलं, "संबाळता नव्हं तुमी पट्टी?"

पुढे मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं, अपराधी मन, ती भोकं तूच झोपेत पाडली असशील. पाडलीही असेन, पण कशानं? पंच तिच्या ट्रंकेत होता. आता मी विचारणं सोडून दिलंय. लक्षम्मा जाऊन वीसेक वर्षं झाली. जे सांगायला गेलो होतो ते आज तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलं नाही. टिकल्या खिशात घातल्या, पंच पिशवीत ठेवला, आणि तिच्याकडे बघत मी म्हणालो – हो, सांभाळतो की.