काठी, टेप आणि मार्लीनची विहीर

कॅनडात मी शिकते त्या मिल्टनहून निघताना मी पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घेतल्या आणि विमानतळावर दोन्ही ओतून द्याव्या लागल्या. कोरड्या मुलखात पाणी शोधायला निघालेल्या मुलीचं पहिलं काम हे.

"कॅनडात कुठलं आलंय वाळवंट?" अण्णांनी, माझ्या वडिलांनी, फोनवर विचारलं होतं. मलाही ते नीट सांगता आलं नव्हतं. आमचं गाव जत तालुक्यात आहे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पुरेना, तेव्हा अण्णांनी एक पाणाड्या बोलावला. मी नववीत होते. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, त्याने पायाने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी बोअर मारली तेव्हा त्या जागेतून नुसती धूळ उडाली. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. भूजल हा विषय मी त्या धुळीमुळे घेतला, असं म्हटलं तर फार खोटं नाही.

रिजायनाच्या विमानतळावर नीलिमाताई ट्रक घेऊन आल्या होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, आता ओटावात राहतात, भूगर्भशास्त्रज्ञ आहेत. माझी तीन आठवड्यांची प्लेसमेंट त्यांच्या हाताखाली होती. नैऋत्य सस्कॅचेवानकडे चार तास गाडी चालली. आधी गव्हाची हिरवी शेतं, मग बुटकं पिवळं गवत, मग मिठाने पांढऱ्या पडलेल्या आटलेल्या तळ्यांच्या कडा.

"इथे पाऊस कमी, आणि जे पाणी आहे ते बर्फाचं," ताई म्हणाल्या. "विंटरमध्ये अडवलं तर समरमध्ये मिळतं. आणि ऐक, मार्लीनकडे शॉवर दोन मिनिटं. जोक नाही करत."

आम्ही ज्यांच्या रानावर राहणार होतो त्या मार्लीन सत्तरीच्या. एकट्याच गाई सांभाळतात. त्यांचा डगआउट (बर्फाचं पाणी साठवायला खणलेलं शेततळं) तळाशी हिरवा पडला होता. घराला पाणी तळघरातल्या टाकीतून, आणि टाकी भरायला ट्रकने गावातून पाणी आणायचं. गोठ्याजवळ एक जुनी विहीर होती, पण एकट्या तिच्यावर सगळ्या गाईंचं भागत नव्हतं. गुरुवारी ड्रिलिंगचं मशीन येणार होतं, एकाच भोकासाठी. ते कोरडं निघालं तर थंडीच्या आत गाई विकायच्या, हे त्यांनी आम्हाला दारातच सांगितलं.

"मोजायला पुष्कळ लोक येऊन गेले," माझ्या हातातल्या विहिरीची खोली मोजायच्या टेपकडे बघत त्या म्हणाल्या. "मोजून झालं की आमच्या विहिरींवर मीटर बसवणार असाल."

"मी विद्यार्थिनी आहे," मी म्हटलं.

वॉशरूममध्ये शॉवरखाली बादली ठेवलेली होती. ती माझ्यासाठीच ठेवली आहे असं वाटून मला भरून आलं. कॅनडात आल्यापासून मी बादलीने अंघोळ केली नव्हती. मनसोक्त केली. बाहेर मार्लीन घड्याळ घेऊन उभ्या होत्या. गरम पाणी येईपर्यंत वाहून जाणारं थंड पाणी धरायला ती बादली होती, टोमॅटोंसाठी. त्या दिवशीचं टोमॅटोंचं पाणी मी अंगावर ओतून घेतलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण रात्रीच्या जेवणात बटाटे वाढताना मला एक कमी आला असा मला संशय आहे.

सोमवारी सकाळी मी जुन्या विहिरीत टेप सोडली. पाण्याला टेकली की ती बीप करते. शेजारी गाईंची टाकी काठोकाठ भरलेली होती, गाई त्यात नाक बुडवून पीत होत्या, मला ते बघून बरं वाटलं. आकडा लिहिला. मग आसपासच्या आणखी दोन विहिरी मोजल्या. मार्लीनच्या विहिरीचं पाणी त्या दोन्हींपेक्षा बरंच खोल निघालं. गोठ्याची बाजू खालावत चालली आहे, असा माझा निष्कर्ष. ताईंनी नकाशा बघितला आणि उत्तरेकडच्या माळावर भोकासाठी खूण केली. अहवालावर माझी सही होती. आयुष्यातली पहिलीच.

दुपारी शेजारचे ऑर्व्हिल आले. हातात विलो झाडाची बेचक्यासारखी फांदी. काठीने पाणी शोधण्याला इकडे विचिंग म्हणतात. ते गोठ्यामागच्या कूलीच्या (ओढ्याने कोरलेली घळ) काठाने हळूहळू चालले, आणि एका जागी फांदीचं टोक खाली वाकलं. मार्लीननी तिथे लगेच लाल झेंडी रोवली.

तोच पाणाड्या, फक्त नारळ नव्हता.

"ताई, हा माणूस ह्यांना बुडवणार," मी म्हटलं.

"अगं, आपण दोन्ही जागा सांगू. विहीर त्यांची आहे, डिसाइड त्या करतील. तू तुझा डेटा स्ट्राँग ठेव."

मंगळवारी पहाटेच जाग आली. खिडकीतून बघते तर कूलीजवळ ऑर्व्हिलचा ट्रक. ते झेंडीपाशी नुसते उभे. मला वाटलं, काहीतरी पेरतोय, किंवा झेंडी सरकवतोय. चपला अडकवून मी तशीच गेले.

"काय करताय?"

"बघतोय."

"काठी कुठे आहे?"

"ट्रकमध्ये. ती लोकांसमोर लागते." त्यांनी झुडपांच्या लांब रांगेकडे हात केला. "ही कॅरागानाची रांग मार्लीनच्या नवऱ्याने लावली, बर्फ अडवायला. सगळीकडचं बर्फ जातं तेव्हा इथलं शेवटपर्यंत टिकतं. हळूहळू आत मुरतं. चाळीस वर्षं मी कुंपणापलीकडून बघतोय."

"मग तसं सांगायचं ना. काठी कशाला?"

"मार्लीनला? म्हणाली असती, माझ्या रानाकडे चाळीस वर्षं काय बघत होतास? काठीशी कोणी वाद घालत नाही."

मला हसू आलं, पण विश्वास बसला नाही. मी माझा आकडा सांगितला. त्यांनी डोकं खाजवलं.

"तू मोजलंस तेव्हा पंप बंद करून किती वेळ झाला होता?"

काठोकाठ भरलेली टाकी डोळ्यांसमोर आली. ती कोणीतरी नुकतीच भरली होती. पंपाने उपसून खाली गेलेलं पाणी मी मोजलं होतं आणि तेच विहिरीचं पाणी म्हणून लिहिलं होतं. पंप थांबवून पाणी परत वर येऊ द्यायचं आणि मगच मोजायचं, वर्गात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी काठीवर संशय घेतला, ऑर्व्हिलवर घेतला, बटाट्यांवरसुद्धा घेतला. टेपवर घेतला नाही.

नाश्त्याला गप्प राहता आलं असतं. उत्तरेचं भोक कोरडं गेलं असतं तर जमिनीला दोष देता आला असता. पण मार्लीन पाव कापत खिडकीतून गाईंकडे बघत होत्या.

"माझा आकडा चुकलाय," मी म्हटलं. "पंप चालल्याचं मी विचारलं नाही. आज संध्याकाळपासून पंप बंद ठेवाल? उद्या सकाळी परत मोजते."

"आणि गाई?"

"टाकी भरून ठेवू. एक रात्र."

"मोजणाऱ्यांपैकी कोणी पहिल्यांदाच चूक कबूल करतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे हीसुद्धा काहीतरी युक्ती असणार." तरी संध्याकाळी त्यांनी पंप स्वतः बंद केला.

बुधवारी सकाळी टेप कितीतरी वर वाजली. मी तीनदा सोडली. ताईंनी नकाशावरची जुनी खूण खोडली. "गुड. लेट आहे, पण गुड," इतकंच म्हणाल्या. आमची नवी खूण लाल झेंडीपासून वीसेक पावलांवर आली. मधे कुठेतरी खणायचं, असं मार्लीननी ठरवलं. कोणावरच पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं धोरण मला पटलं.

गुरुवारी आधी धूळ उडाली. मी मान फिरवली. मग राखाडी चिखल, मग गढूळ पाणी. शेतीला पुरेल इतकं नाही, पण गाईंना पुरेल इतकं. मार्लीननी ग्लास भरला, गाळ बसू दिला आणि एक घोट घेतला.

"खारट आहे. गाईंना चालेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज तीन मिनिटं घे."

मिल्टनच्या माझ्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये परतल्यावर मी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "आपल्या त्या पाणाड्याने नारळ काढण्याआधी काय काय केलं होतं?"

"काय करणार. चहा घेतला, विहिरीत वाकून बघितलं. मग म्हणाला, मोटर कधी बंद केली होती?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुला काय करायचंय मोटरशी? तू नारळ काढ. बोअरची गाडी सकाळी यायची होती." अण्णा थांबले. "मोटर चालूच होती गं. लाइट आलेली ना तेव्हा."

नारळावर माझा आजही विश्वास नाही, विलोच्या फांदीवरही नाही. तो प्रश्न पाणाड्याने खरंच कळून विचारला होता की सहज, हेही आता कोणी सांगू शकणार नाही. पण मी इतकी वर्षं ज्याला लबाड म्हणत होते त्याने तो विचारला तरी होता. मी तेवढंही केलं नव्हतं.

शॉवरखाली आता मी बादली ठेवते. बेसमेंटमध्ये टोमॅटो नाहीत. घरमालकीणबाई विचारतात, हे पाणी कशासाठी? काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण ओतून द्यायला हात धजत नाही.