हात न लावण्याच्या अटीवर

"मॅडम, मी नुसती उभी राहते ना. चालेल ना?"

हे ती इतक्यांदा म्हणायची की आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी तिची नक्कल करायच्या. म्हणताना ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. हात दिसले तर समोरचा नाही म्हणेल, अशी काहीतरी तिची समजूत असावी.

डोंबिवली पूर्वेला माझा दातांचा दवाखाना आहे. बीडीएस होऊन ती माझ्याकडे अर्धा दिवस काम करायला लागली. सिमेंट भरणं, रूट कॅनाल, सगळं नीट करायची. पेशंटना ती आवडायची. पण तिचं चित्त तिथे नसायचं. एखादी अवघड अक्कलदाढ काढायला मी बाहेरून सर्जनना बोलावलं, की ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा शहाडहून हजर. खुर्चीच्या डोक्याशी उभी. सर्जननी पाणी मागितलं तरी आधी ही दचकायची, आपल्यालाच काहीतरी करायला सांगितलं म्हणून.

टाके घालण्याचा सराव ती केळ्यांच्या सालींवर करायची. तिची आई एकदा मला म्हणाली, "जय भीम मॅडम, जरा समजवा हो हिला. घरात केळं खायची सोय राहिली नाही. प्रत्येकाचं ऑपरेशन झालेलं असतं." आमच्या वेटिंग रूमचा पडदा फाटला, तोही तिने सर्जरीच्या काळ्या रेशमी धाग्याने शिवला. इतका सुबक, की पेशंट त्या टाक्यांवरून बोट फिरवायचे.

तुम्हीही अशी मुलं पाहिली असतील. एकच गोष्ट हवी असते आणि ती सोडून जगातलं सगळं मिळू शकतं.

तिला तोंडाची आणि जबड्याची सर्जरी शिकायची होती. त्यासाठी पुढे एमडीएस करावं लागतं, आणि या शाखेची सरकारी जागा मिळायला प्रवेश परीक्षेत फार वरचा नंबर लागतो. तो दरवेळी थोडक्यात हुकायचा. दुसऱ्या शाखा मिळत होत्या, त्या तिला नको होत्या. खाजगी कॉलेजच्या फीचा विषय त्यांच्या दोन खोल्यांत कोणी मोठ्याने काढतही नसे. वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ते तिला एवढंच विचारायचे, "बेटा, अजून एकदा बसायचं का?" आणि ती हो म्हणायची.

मग तिला कोणीतरी एक्स्टर्नशिपचं सांगितलं. म्हणजे एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी विभागात काही आठवडे जायचं, तिथे शिकणाऱ्या सर्जनांच्या मागे फिरायचं आणि बघायचं. पगार नाही, हुद्दा नाही. पण तिथल्या सरांना तुमचा चेहरा माहीत होतो. पुढे कुठे संधी निघाली तर ते नाव सुचवतात. परदेशात म्हणे याची रीतसर सोय असते. आपल्याकडे ओळख लागते.

तिने सापडेल त्या विभागाला ईमेल केले. कोणी उत्तर देईना. एकाने दिलं, तेही एका शब्दात. 'नोटेड.' त्या शब्दावर ती आठवडाभर जगली.

"मॅडम, नोटेड म्हणजे काय धरायचं? हो असंच ना?"

"त्यांनी वाचलं, एवढंच धर."

"पण वाचलं म्हणजे विचार तर करत असतील ना?"

ठाण्याच्या एका रुग्णालयात माझे कॉलेजचे सीनियर या विभागाचे प्रमुख आहेत. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पाठव. पण हात कशालाच लावायचा नाही. पेशंटला नाही, हत्यारांना नाही. बघायचं आणि घरी जायचं."

मी अट सांगितली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. "मॅडम, मी कुठे हात लावते? मी नुसती उभी राहणार."

तिथून ती रोज संध्याकाळी फोन करायची. कोणत्या पेशंटची गाठ काढली, गालाला मांडीची कातडी कशी लावली, सगळं एका दमात. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांच्या खांद्यांमागून टाचा उंचावून बघताना तिच्या पोटऱ्या दुखायच्या. ऑपरेशनं नसली की ती वॉर्डात बसायची. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट, ऑपरेशननंतर बोलता न येणारे. त्यांचं म्हणणं नर्सना कळायचं नाही, नातेवाइकांना कळायचं नाही. ती शेजारी बसून ऐकत राहायची. "सवय झाली की कळतं मॅडम. जीभ अर्धी असली तरी माणूस आपलंच बोलतो."

आणि एके दिवशी दुपारी फोन आला तो विभागप्रमुखांचा.

वॉर्डात कल्याणचा एक रिक्षावाला होता. गाल आणि जबड्याचं ऑपरेशन झालेला, दोन-चार दिवसांत घरी जाणार होता. जेवणाच्या वेळेला त्याच्या तोंडातून अचानक रक्त यायला लागलं. नर्स धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. सगळे डॉक्टर थिएटरमध्ये. पलंगापाशी त्याची बायको आणि ही. बायको किंचाळत होती. रक्त उशीवरून खाली ठिबकायला लागलं. हिने हातमोजा चढवला, गॉजच्या पट्टीचा गोळा त्याच्या तोंडात घातला, रक्त येत होतं ती जागा बोटांनी शोधली आणि दाबून धरली. डॉक्टर येईपर्यंत बोट हलवलं नाही. त्याला तसंच, हिचा हात तोंडात असताना, थिएटरकडे नेलं. पेशंट वाचला.

"उद्यापासून तिला पाठवू नकोस," ते म्हणाले.

"सर, तो गेला असता."

"अगं, मला कळत नाही का? गेलाच असता. पण तिच्या बोटाखाली गेला असता तर? इथे कागदावर ती कोणीच नाही. विचारणारे मला विचारतील, ही मुलगी कोण आणि हिचा हात पेशंटच्या तोंडात कसा? आधीच वर पोचलंय. मी तिला काही बोललो नाही. तूच सांग."

मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. रडली नाही. 'आत्ता अभ्यासच करते' म्हणून माझ्याकडेही काही दिवस यायची नाही म्हणाली. मी म्हटलं, कर.

पुढच्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन. "मॅडम, तुमची ओळख आहे तिथे, त्या हॉस्पिटलवाल्यांना सांगा की, पोरीला जरा लवकर सोडत जा. रोज डबा तसाच परत आणते. जेवायला पण वेळ देत नाहीत का?"

मी कसंबसं 'सांगते' म्हणाले आणि फोन ठेवला. हिला फोन लावला. "कुठे आहेस? खरं सांग."

ती म्हणाली, "तलावपाळीला."

रिक्षा, लोकल करत मी ठाण्याला पोचले. ती मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी बाकावर बसली होती. मांडीवर इस्त्रीचा पांढरा एप्रन घडी करून ठेवलेला, शेजारी डबा. समोर पोरं पायडलच्या बोटीत बसण्यासाठी भांडत होती. कल्याणला बसली असती तर ओळखीचं कोणी भेटलं असतं, म्हणून ती रोज इथवर येत होती.

"घरी सांगायचं होतं गं."

"कसं सांगू मॅडम? पप्पांनी सगळ्या चाळीत सांगितलंय, पोरगी ठाण्याला ऑपरेशनला उभी असते."

मी तिच्या शेजारी बसले. तिने डबा माझ्यापुढे केला, मी नको म्हटलं. मग ती एकदम माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सरांना परत एक फोन करा ना. मी माफी मागते. लेखी देते पाहिजे तर. म्हणावं, परत असं नाही करणार. कितीही रक्त आलं ना, तरी मी हात..."

तिथे ती थांबली. आपण काय बोलतोय ते तिच्या कानांवर पडलं असावं. तिने एप्रन तोंडावर धरला आणि त्यात ती रडली. त्या बाकावर, भर दुपारी, खाऊच्या गाड्यांच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या समोर. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जिला या एका कामासाठी कोणी उभं करत नव्हतं, तिला ते काम येत होतं, हे फक्त आम्हा तिघाचौघांना माहीत होतं, आणि आमच्यातल्या कोणाच्याच हातात काही नव्हतं.

मी सरांना परत फोन केला. ते नाही म्हणाले. दुसरीकडे दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला, तिथे आधी ठाण्याला काय झालं ते विचारलं गेलं. परीक्षेला ती पुन्हा बसली. या वेळी नंबर पूर्वीपेक्षा खालीच गेला. वडिलांनी अजून एकदा बसायचं का, हे विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही याचंच तिला जास्त लागलं, असं आई म्हणाली.

मग ती वागळे इस्टेटमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली. लोकांनी दातांच्या उपचारांचे दावे केले की त्यांचे एक्स-रे कॉम्प्युटरवर बघायचे आणि दावा मंजूर की नामंजूर, ते ठरवायचं. दवाखान्याची किल्ली द्यायला आली तेव्हा माझ्या पाया पडली. मी म्हटलं, अगं हे काय, येत जा. ती मान हलवून गेली. आली नाही.

वर्षभराने एक नवरा-बायको दवाखान्यात आले. तो खाकी शर्टात, एका बाजूचा गाल आत ओढलेला. हातात पेढ्यांचा बॉक्स. तो बोलला ते मला अजिबात कळलं नाही. बायको म्हणाली, "हॉस्पिटलात खूप फिरलो. तिथं त्यांचं नावच नाही कुठं. शेवटी एका सिस्टरनं तुमच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. त्या बाईंना भेटायचंय. यांनी परत रिक्षा चालू केली, ते सांगायचंय."

मी त्यांना बसवलं आणि तिला फोन लावला. दोघांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. कोण आलंय ते सांगितलं. पलीकडे ऑफिसची कुजबुज ऐकू येत होती. तो पुढे झुकून फोनमध्ये काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला. बायको सांगायला तोंड उघडणार, तोच तिकडून उत्तर आलं.

"नाही दादा, उजवीकडून चावू नका अजून. आणि रात्रपाळी कशाला घेता? झोप पाहिजे."

तो हसला. ज्या बाजूने हसता येत होतं, त्या बाजूने. मग बायकोने विचारलं, "ताई, पत्ता सांगा ना. रिक्षा खालीच आहे, आत्ता येतो."

तिकडून ती हळू आवाजात, फक्त माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाली, "मॅडम, नको. त्यांना इथे नका पाठवू, प्लीज. सांगा, मी बाहेरगावी गेलीये."

स्पीकर बंद करायला मी हात पुढे केला, पण तोवर तिनेच फोन ठेवला होता.

मला त्या दोघांकडे बघवेना. त्याने पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला, सरळ केला, आणि सावकाश काहीतरी म्हणाला. मी बायकोकडे पाहिलं.

"ते म्हणतायत," ती म्हणाली, "ताई गावाहून आल्या की कळवा."