नवरीचा सरळ चेहरा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंठ्यात माझं लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं मिक्सिंग करायचं दुकान होतं. मी नवा डिजिटल मिक्सर घेतला आणि लोकांना फिरवाफिरवीचं वेडच लागलं. कुणाला चित्र पापडासारखं गुंडाळून हवं, तर कुणाला ठोकळ्याच्या चारी बाजूंना नवरी लावून तो ठोकळा गरगर फिरायला हवा. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि हुकूम सोडायचं. मला मनापासून वैताग यायचा, पण ज्याच्या कॅसेटीत जास्त फिरवाफिरवी त्याचं लग्न झोकात, असं गावोगाव ठरून गेलं होतं.

आमच्याकडची नवरी लग्नभर मान खाली घालून असते. आंतरपाट सरकला की, हार घालताना, नाहीतर करवलीनं कानात काही सांगितलं की तेवढी वर बघणार. तिचा चेहरा दिसला रे दिसला की शेजारी बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं. "हां, इथं! इथं फिरवा!" झालं, चेहरा निघाला ठोकळ्यावर.

एका दुपारी जवळच्या खेड्यातला एक तरुण आईला घेऊन दुकानात आला. आदल्या हंगामात बहिणीच्या लग्नाची कॅसेट त्यानं माझ्या शेजारी बसूनच करून घेतली होती. ती बहीण बाळंतपणात गेली होती.

"भाऊ, ह्या कॅसेटीतून तिचा एक फोटो काढून द्या," तो म्हणाला. "अल्बम सासरी हाय. त्यांचं अन् आमचं बोलणं न्हाई राह्यलं. घरात तिचा दुसरा फोटोच न्हाई."

मूळ शूटिंगच्या कॅसेटीवर पुढची लग्नं कधीच भरून झाली होती. सगळेच तसं करायचे. तेव्हा जे काही होतं ते या एका कॅसेटीतच होतं. मी म्हणालो, काढू की. चित्र मिक्सरवर थांबवायचं आणि कॅमेऱ्यानं टीव्हीचा फोटो घ्यायचा, त्यात काय अवघड?

कॅसेट लावली. आंतरपाट सरकला, पोरीनं मान वर केली, हसली आणि कोपऱ्यातून गुंडाळली गेली. हार घालताना ठोकळ्यावर चढली. करवलीशी बोलताना तर खळखळून हसत होती, पण तिरकी होऊन लांब लांब निघालेली. मी पुढं-मागं करत राहिलो. तिची आई चित्राबरोबर मान तिरकी करायची, ठोकळा वळला की खांद्यापर्यंत झुकायची, जणू पलीकडून बघितलं तर लेक सरळ दिसेल. ते बघवेना.

"मागं घ्या ना, भाऊ. फिरायच्या आधी धरा," तरुण म्हणाला.

"आधी तिची मान खाली आहे रे."

तो भिंतीला टेकला. "मीच तर म्हणून राह्यलो होतो, इथं फिरवा, तिथं फिरवा."

मग मी चिडलो, त्याच्यावर नाही, त्या मशीनवर. जे तिरकं करता येतं ते सरळ का करता येऊ नये? तिचं तिरकं हसू थांबवलं, पुन्हा मिक्सरमधून घेतलं आणि उलट्या बाजूला कलवायला लागलो. डावीकडून ओढलं की कपाळ पसरायचं, उजवीकडून दाबलं की नाक लांबायचं. तरी मी सोडेना. शेवटी एक चेहरा जवळजवळ सरळ उभा राहिला, अंधूक, ओठ एका बाजूला फाकलेले. मी आशेनं मागं वळून बघितलं.

आईनं टीव्हीच्या काचेला बोट लावलं. "ही माझी लेक न्हाई."

मला रडू यायचं बाकी होतं. कॅसेट पुढं सोडली ती पाठवणीपर्यंत. तिथं मी कुणाचंच ऐकत नसे. रडणाऱ्या माणसांना फिरवायचं नाही, एवढं मी पाळलं होतं. आणि तिथंच पोर दिसली. मुंडावळ्या बाजूला झालेल्या, चेहरा समोर, सगळा सरळ, डोळ्यांतून धारा.

मी चित्र थांबवलं. "मावशी, एवढाच आहे."

"हसती न्हाई का एखादी?"

"हसतीला सगळीकडं फिरवलंय."

आई टीव्हीच्या जवळ सरकली. पोरगा हुंदके देत होता, तिच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं.

"रडत रडत घरातून गेली. आता भिंतीवर बी रडतच बसंल," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली, अगदी आर्जवानं. "दादा, तुमची मशीन एवढं फिरविती, एवढं वळविती. तिचे डोळे तेवढे पुसता येतील का हो?"

"नाही येत, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काच पुसायला लागली.