सातशे सत्त्याहत्तर

"ऊठ. ती खुर्ची तुझी न्हाई."

नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. गेवराईच्या अलीकडं एका शिक्षण संस्थेच्या हापिसात मी वेबसाइट सांभाळायला लागलते. बीडला राहून कम्प्युटरची डिग्री केलती. काम करायचं म्हणून कम्प्युटरसमोर बसले, तर अध्यक्षांचा पुतण्या दारातून आला आन एवढंच बोलला. मी उठले. काहून उठले? आजबी माझी मलाच किळस येते. कुत्र्याला हाड म्हणावं तसं तो बोलला आन मी उठले.

त्याला सगळे भैय्यासाहेब म्हणायचे. चुलत्याला नुसतं साहेब. कॉलेज साहेबांचं, मुलींचं वसतिगृह साहेबांचं, आजूबाजूचं रानबी साहेबांचंच. वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती त्याचा पासवर्ड भैय्यासाहेबांकडं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत न्हवतं. मग पद्धत पडली ती अशी, की त्यानं खुर्चीत बसायचं, मी मागं उभं राहायचं आन तोंडानं सांगायचं. मी सांगणार, तो एकेक बटण दाबणार. चुकला तो, की शिव्या मला.

दीड वर्षं मी तशी उभी राहिले.

एकदा भजी खाऊन तसाच टायपिंग करत होता. कीबोर्ड तेलानं माखला. मी पुसायला हात पुढं केला, तर म्हणाला, "मेंढरामागचे हात हायेत, लांब ठेव." हापिसातली चार माणसं हसली. आमची मेंढरं हायेत, खोटं न्हाई. बाप आजबी मेंढरामागं फिरतो. भैय्यासाहेबांची तेलकट बोटं त्या कीबोर्डला चालत होती, माझे धुतलेले हात चालत न्हवते. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी खाल्ली न्हाई.

मग वसतिगृहातल्या पोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म वेबसाइटवरून भरून घ्यायचं ठरलं. आधार, जातीचा दाखला, फोटो, बापाचा मोबाईल नंबर. सगळं चढत होतं, फोटो तेवढे चढत न्हवते. परवानगीचा घोळ होता. नव्या माणसालाबी कळंल इतकी साधी गोष्ट हाय. प्रत्येक फाइलला, प्रत्येक फोल्डरला तीन आकडे असतात. पहिला ज्याची फाइल त्याच्यासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा बाकी कुणाबीसाठी. चार म्हणजे वाचायची मुभा, दोन म्हणजे लिहायची, एक म्हणजे फोल्डरात शिरायची. तिन्हींची बेरीज सात. सात दिले म्हणजे सगळंच दिलं.

मी सांगितलं, फोल्डरला सातशे पंचावन्न ठेवा, फाइलला सहाशे चव्वेचाळीस. पोरींचे कागद साइटच्या फोल्डरातच नको, बाहेर वेगळे ठेवू, तिथं दुसऱ्याला काहीच परवानगी नको. फोटोचा फोल्डर भलत्याच नावावर पडलाय, सर्व्हरवाल्यांना फोन करून तेवढं नीट करून घेऊ. एका दिवसाचं काम.

त्याला एक दिवस कुठला दम निघतोय. दोस्ताला फोन लावला, दोस्त म्हणाला सगळ्याला सातशे सत्त्याहत्तर देऊन टाक. यानं आख्ख्या साइटला देऊन टाकलं. फोटो लगीच चढले. मी म्हणाले, आता कुणीबी आत येऊन काहीबी लिहील, असं ठेवू नका. तो खुर्चीत मागं रेलला.

"आमच्या वाड्याला आजवर कुलूप लागलं न्हाई. आमचं कोण वाकडं करतंय?"

खरंच हाय ते. ज्याच्या नावाला चार गावं भितात त्याला कुलूप कशाला लागंल? पण कागद त्याचे न्हवते. कागद आमच्या पोरींचे होते.

पंधरा दिवस न्हाई झाले. साइट उघडली की जुगाराची जाहिरात. कुणीतरी आपली फाइल आत टाकलती आन फॉर्मचा सगळा फोल्डर उचलून नेलता. मग पोरींच्या घरी फोन सुरू झाले. तलवाड्याची एक बारावीची पोरगी होती, लई हुशार. तिच्या बापाच्या मोबाईलवर तिचाच फोटो आला आन खाली असलं घाण लिहिलेलं, की मी ते इथं लिहिणार न्हाई. बाप त्याच दिवशी आला, पोरीची पेटी उचलली आन तिला घेऊन गेला. शिक्षण बंद.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता, माझ्या नावानं लिहिलेला. मी स्वतःच्या हातानं परवानग्या बदलल्या, माझ्या निष्काळजीपणानं हे झालं, क्षमा असावी. खाली सहीला जागा. दाराशी माझा बाप, आबा, उभा होता. चपला बाहेर काढून. त्याला रानातून बोलावून आणलतं. साहेब कधी वरच्या आवाजात बोलत न्हाईत. गोड बोलले. पोरगी समजदार हाय, सही केली की विषय संपला. न्हाई केली तर दरसाल तुमची मेंढरं आमच्या रानात बसतात, त्याचा विचार करावा लागंल.

आबांनी हात जोडले. मला न्हाई, साहेबांना. आन मला म्हणाले, "कर बाई सही."

मला त्या केबिनची शिसारी आली. त्या गोड आवाजाची आली. खोटं कशाला बोलू, आबांच्या जोडलेल्या हातांचीबी आली. पेन माझ्यापुढं सरकवला होता. मी घेतला न्हाई.

"ज्या खुर्चीत मला दीड वर्षं बसू दिलं न्हाई, तिच्यात बसून मी हे कधी केलं, ते आधी लिहा. पासवर्ड मला कोणत्या दिवशी दिला, तेबी लिहा. मग करते सही."

भैय्यासाहेब मोबाईलमध्ये बघायला लागला. साहेबांनी कागद उचलून खणात ठेवला आन शिपायाला म्हणाले, हिला बाहेर काढ. मीच निघाले.

नोकरी गेली. रानबी गेलं, आबा आता कळप घेऊन पार कडा गावाकडं असतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

मी तलवाड्याला गेलते. पोरीनं विचारलं, "ताई, माझा फोटो त्यांना कुणी दिला?" मी नावानिशी सांगितलं. कोण बसलं होतं, कोणतं बटण दाबलं, आन मी मागं उभी राहून काय करत होते, तेबी सांगितलं. तिच्या आईनं ऐकून घेतलं आन दार लावून घेतलं. बरोबर केलं तिनं.

मग मी तक्रार लिहिली. पोलीस ठाण्यातला माणूस वाचून म्हणाला, साहेबांचं नाव काढून टाक, पोरींच्या नावांची यादी जोड, मग बघू. मी कागद परत घेतला. साहेबांचं नाव निघणार न्हाई, पुतण्याचंबी न्हाई, आन खाली माझं पूर्ण नाव हाय. यादी मी जोडणार न्हाई. पोरींच्या घरी मी जाईन, ज्यांना यायचं त्या स्वतःच्या पायानं येतील. त्यांचे कागद एकदा उघड्यावर पडले. माझ्या हातानं परत पडणार न्हाईत.

सोमवारी मी पुन्हा तिथंच जाणार हाय, हाच कागद घेऊन. परत पाठवला तर मंगळवारी.